निकेलचे वायसर

आमच्या घरात मला दिवस गेल्याची बातमी सगळ्यात शेवटी मलाच कळली.

झालं असं, की एका रविवारी मला कांदिवलीहून मुलुंडला माझ्या माहेरी जायचं होतं. निलेशला, माझ्या नवऱ्याला, ऐन वेळी ऑफिसचं काम निघालं. सासरे म्हणाले, "त्यात काय, मी सोडतो." त्यांना गाडी बाहेर काढायला निमित्तच लागतं. गाडी जुनी, डिझेलची, पांढरी; पण बाबा तिला रोज सकाळी फडक्याने अशी पुसतात की सोसायटीतल्या नव्या गाड्यांनी लाजावं. त्यांच्या आधीची पिढी सगळी गिरणीत. सायकलच्या पुढे घरात कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे ही गाडी म्हणजे आमच्याकडे देव्हाऱ्याच्या खालोखाल.

मी पुढे, त्यांच्या शेजारी बसले. आरे कॉलनीच्या रस्त्यावर खोदकाम चाललं होतं आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बाबांनी आपल्या बाजूची काच खाली करून कोपर बाहेर टाकलं होतं. माझ्या बाजूला धूळ, म्हणून माझी काच वर आणि तोंडावर ब्लोअरचा वारा. थोड्या वेळात भुवयांच्या वर डोकं ठणकायला लागलं. मग पोटात ढवळलं. तबेल्यांच्या अलीकडे मी कसंबसं दार उघडलं आणि सकाळचे सगळे पोहे रस्त्याच्या कडेला सोडून दिले.

तोंड पुसून वर बघते तर बाबा हसतायत. सून ओकतेय आणि हा माणूस हसतोय! मला काही समजेना.

"असू दे, असू दे," ते म्हणाले. "अशात असं व्हायचंच." मग त्यांनी मला नारळपाणी पाजलं, खड्डा आला की "सांभाळून हं" म्हणाले, आणि मुलुंडला माझ्या आईला दारातच "अभिनंदन" म्हणून टाकलं. माझी आई माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय.

संध्याकाळी परत आले तर लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाकाकूंनी माझ्या हातात चिंचेची पुडी ठेवली. वॉचमनने पेढे मागितले. बाबांनी बहुतेक पार्किंगमधल्या मांजरीलासुद्धा सांगितलं असावं.

मला ठाऊक होतं की तसं काही नाही. तरी लोकांच्या समाधानासाठी तपासून घेतलं. नव्हतंच. निलेशला म्हटलं, "तुझ्या वडिलांना तूच सांग, नाहीतर मी भांडेन." त्याने सांगितलं. बाबांचा चेहरा असा उतरला की मला राग धरवेना. पण पुढे जे झालं त्याने तो परत आला. ज्या बायकांनी चिंचा दिल्या त्याच आता जिन्यात थांबून हळू आवाजात, "होईल गं, निराश नको होऊस," म्हणायला लागल्या. मी निराश होतेच कुठे? मला फक्त गाडी लागली होती. आणि मला गाडी लागत नाही, कधीच नाही. मी घाटकोपरच्या ऑफिसला वाट्टेल त्या वाहनात, वाट्टेल तशी कोंबून गेलेली बाई आहे.

सासूबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांचं नाव वनमाला. साड्यांना फॉल-पिको करून देतात. आठवडाभराने, सोमवारी, मी मशीनपाशी चहा ठेवला तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "पुढे बसली होतीस?"

"हो."

"आधी डोकं दुखलं का? इथे, भुवईच्या वर?"

"हो आई. मग मळमळलं. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "मलाही तसंच होतं. म्हणून तर मी बसत नाही त्या गाडीत."

आई गाडीत बसत नाहीत हे मला माहीत होतं. घरात त्याची चेष्टा चालायची. 'महाराणींना गाडी लागते' असं बाबा पाहुण्यांसमोर म्हणायचे आणि त्यासुद्धा हसायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्नाआधी त्या भावाबरोबर होडीत बसून खाडी ओलांडायच्या, भरतीच्या पाण्यात होडी कितीही हलली तरी पोटातलं पाणी हललं नाही. गाडी घरी आली तेव्हा सुरुवातीला एकदोनदा गावी गेल्या, तेही मजेत. पुढे कधीतरी हे सुरू झालं. "मी यांना सांगायचे, गाडीत कसलातरी जळका वास येतो. हे म्हणायचे, मला नाही येत. निलेश म्हणायचा, डिझेलची गाडी आहे, वास येणारच. मग मीच म्हटलं, वय झालं, आपलंच शरीर साथ देत नाही."

मी विचारलं, "आणि आजींच्या वेळी?"

आजी म्हणजे आईंच्या आई, सुंदराबाई. कणकवलीजवळ गावी असायच्या. त्या गेल्या तेव्हा आईंना पोचायला उशीर झाला एवढंच निलेश मला एकदा म्हणाला होता. उशीर कसा झाला ते त्या सोमवारी कळलं. पहाटे फोन आला, दोघं लगेच गाडीने निघाली. हायवेचं काम चालू, सगळीकडे रांगा. आईंना पेणपासूनच उलट्या. दर थोड्या वेळाने गाडी थांबवायची, उतरायचं, कडेला बसायचं, तोंड धुवायचं, चढायचं. कशेडी घाटात तर त्यांना उभंही राहवेना, झाडाखाली आडवं केलं. तिकडे भावाने, सीतारामने, पोरीसाठी आईला थांबवून धरलं होतं, उचलू दिलं नव्हतं. दिवस मावळायला आला तेव्हा गावकऱ्यांनी ऐकलं नाही. या पोचल्या तेव्हा माणसं नदीवरून आंघोळ करून परत येत होती.

"दादा मला तेव्हा एवढंच म्हणाला, 'आता इलंस? कशाक?'" आईंनी साडीची घडी सरळ केली. "त्याचं चुकलं नाही. दर भाऊबीजेला फोनवर मी त्याची माफी मागते. तो म्हणतो जाऊ दे. पण मला माहितीये, त्याच्या मनातून गेलेलं नाही. माझ्या तरी कुठे गेलंय? आई जमिनीवर पडलेली आणि मी रस्त्यात ओकत बसले होते."

मला इतकं वाईट वाटलं की चहाचा कप उचलायचं सुचेना. आणि त्याच क्षणी डोक्यात ठिणगी पडली. एका गाडीत एकाच जागी बसून दोन बायकांचं डोकं एकाच जागी दुखतं, यात बायकांचा काय संबंध?

संध्याकाळी बाबा आल्या आल्या मी विषय काढला. "बाबा, गाडी मेकॅनिकला दाखवा. तिच्यात काहीतरी गडबड आहे."

"माझ्या गाडीत?" ते असे म्हणाले, जसं मी त्यांच्या चारित्र्यावर बोलले. "अगं, एका सेल्फमध्ये चालू होते अजून."

"आईंना उलट्या, मला उलट्या."

"मला कधी झाली का? तुम्हा बायकांना सवय नसते."

"सवय?" मी म्हटलं. "बाबा, त्या एका उलटीपायी बिल्डिंगमधल्या बायका मला नवससुद्धा सुचवायला लागल्यात. मी ऐकणार नाही. दाखवायचं म्हणजे दाखवायचं. नाहीतर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही."

हे त्यांना लागलं. घरातली एक बाई बसत नाही, आता दुसरीही नाही म्हणते, मग गाडी कोणासाठी पुसायची? "चल," ते म्हणाले. "शनिवारी मरोळला प्रबुद्धकडे जाऊ. तुझ्यासमोर दाखवतो, काही नाहीये ते."

मरोळ म्हणजे बाबांचा इलाखा. तिथल्या एका छोट्या प्लेटिंगच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. लोखंडाच्या, पितळेच्या वस्तू निकेलच्या टाकीत बुडवून चकचकीत करायच्या, हे काम. त्याची खूण आमच्या घरभर आहे. चिमटा, दाराची कडी, किल्ल्यांची रिंग, देवाची घंटा, सगळं चांदीसारखं. त्या अ‍ॅसिडच्या वाफांनी त्यांचं नाक मात्र कधीच गेलं. दूध करपलं तरी आई सांगेपर्यंत पत्ता नसतो. याचाही आमच्याकडे विनोदच व्हायचा. बोंबील आणि मोगरा मला सारखेच, असं बाबाच सांगायचे.

प्रबुद्ध हा चाळिशीतला, बडबड्या माणूस. आधीचा मेकॅनिक धंदा बंद करून गावी गेल्यापासून बाबा फक्त ऑइल बदलायला त्याच्याकडे जायचे. त्याने बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, वास कसला येतो? कच्च्या डिझेलचा की जळका?"

"जळका. आणि गाडी रांगेत उभी असली की जास्त."

"पळताना कमी?"

"पळालोच कुठे आम्ही?"

तो हसला. "इंजेक्टर बघू या. एक तर डिझेल गळतंय, नाहीतर गॅस."

इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या चार नळ्या, इतपत मला कळलं. प्रत्येक नळीतून थोडं जास्तीचं डिझेल परत टाकीकडे जातं. प्रबुद्धने ते परतीचे पाइप काढून त्या जागी सलाईनसारख्या नळ्या जोडल्या आणि प्रत्येकीखाली एक रिकामी बाटली टांगली. "इंजेक्टर आतून गळत असेल तर त्याची बाटली आधी भरणार," तो म्हणाला. गाडी चालू केली. चारही बाटल्यांत डिझेल चढत गेलं, अगदी एका रेषेत.

"बघ!" बाबांनी मला कोपर मारलं. "चारी भाऊ सारखे. उगाच माझ्या गाडीला बदनाम करता."

मला जरा ओशाळल्यासारखं झालं. प्रबुद्ध मात्र वाकून इंजिनाला कान देत होता. "काका, जरा गप्प बसा. फुस्‌ फुस्‌ ऐकू येतंय का?"

मला आलं. बारीक, धापा टाकल्यासारखं. त्याने बॅटरी लावून इंजेक्टरच्या मुळाशी दाखवलं. तिथे काळं, चिकट, वाळलेल्या डांबरासारखं काहीतरी साचलं होतं. दोन इंजेक्टर तर त्यात गळ्यापर्यंत बुडाले होते. त्याने साबणाचं पाणी तयार केलं आणि तिथे शिंपडलं. काळ्या थरातून बुडबुडे यायला लागले. एक फुटला की दुसरा.

"डिझेल नाही गळत," प्रबुद्ध म्हणाला. "आतला जळका गॅस इंजेक्टरच्या बुडाखालून वर येतोय. धूरच समजा. तो बॉनेटखाली कोंडतो."

"बॉनेटखाली ना?" बाबा म्हणाले. "मग आत कसा येईल?"

प्रबुद्धने बॉनेटच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथली रबराची पट्टी कधीच झडून गेली होती. गॅरेजमधल्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मोगऱ्याच्या अगरबत्तीचा पुडा होता, त्यातल्या चार काड्या त्याने पेटवल्या. इंजिन बंद करून काड्या इंजेक्टरपाशी खोचल्या, बॉनेट लावलं आणि आम्हाला म्हणाला, "दोघं आपापल्या जागी बसा. काचा वर. ब्लोअर चालू करा."

आम्ही बसलो. काही वेळातच माझ्या समोरच्या जाळीतून मोगरा यायला लागला. आधी झुळूक, मग दाट. धुराची एक रेघही दिसली. वारा आत ओढायची जागा डावीकडे, बॉनेटच्या मागे, आणि तो पडतो नेमका डावीकडच्या माणसाच्या तोंडावर.

प्रबुद्धने बाबांची काच वाजवली. "काका, आला वास?"

"कसला?" बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच शोधत होते. नाक पुढे करून, भुवया आकसून. मोगऱ्याने गाडी भरली होती आणि त्यांना काहीच येत नव्हतं. मग त्यांचं त्यांनाच कळलं. चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू थांबलं. नाक नसलेल्या माणसाने इतकी वर्षं ठरवलं होतं की गाडीत वास येत नाही, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलं होतं. मी लग्न होऊन आल्यापासून हसणाऱ्यांत होतेच.

ते उतरले. "कशामुळे गळतंय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"बुडाखालचा वायसर गेला असणार. काढून बघतो."

इंजेक्टर सुटायला वेळ लागला. डांबर खरवडायचं, तेल सोडायचं, हलवायचं, परत तेल. बाबा एका टायरवर बसून होते. शेवटी पहिला इंजेक्टर बाहेर आला आणि त्याच्या टोकाला चिकटलेला छोटासा गोल वायसर प्रबुद्धने काढला, डिझेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला. वायसर तांब्याचा असतो, तांबूस दिसायला हवा. हा पांढरा होता. अर्धा पापुद्रा उडालेला, पण उरलेला भाग आमच्या दाराच्या कडीसारखा चकचकीत.

"हे काय आता?" प्रबुद्ध म्हणाला. "कुठला हा माल? तांब्याच्या वायसरवर निकेल कोणी चढवलं? तांबं मऊ असतं म्हणून दाबलं की बसतं. म्हणून दर वेळी नवीन टाकायचा. हा आधीच एकदा दबून कडक झालेला, वर त्याला निकेल. बसणार कसा? ज्याने केलं त्याला…"

"मी केलं," बाबा म्हणाले.



बाबांनी तो वायसर हातात घेतला. "इंजेक्टर साफ करायला काढले होते तेव्हा. तो जुना मेकॅनिक म्हणाला नवीन आणा. मी म्हटलं थांब. तांबं काळं पडतं, खराब होतं. निकेल असलं की जन्मभर बघायला नको. मी कारखान्यात नेऊन स्वतः टाकीत सोडले. पैसे वाचवायला नाही रे." हे त्यांनी दोनदा सांगितलं. "चांगलं व्हावं म्हणून केलं. तो म्हणाला, साहेब, घरात देव्हाऱ्यात ठेवा. सगळे हसलो होतो."

"कधीचं हे?" मी विचारलं.

त्यांनी वायसर खिशात टाकला. डांबराचा थर बघून प्रबुद्ध आधीच म्हणाला होता की हे एकदोन वर्षांचं काम नाही.

चारही वायसर नवे, तांब्याचे बसले. रबराची पट्टी बसली. साबणाच्या पाण्यातून एकही बुडबुडा आला नाही. आम्ही निघालो. येताना आरेतून आलो आणि माझं डोकं जरासुद्धा दुखलं नाही. मला ते आवडलं नाही. थोडं तरी दुखायला हवं होतं असं वाटलं, म्हणजे सगळं एवढं सोपं ठरलं नसतं.

झाडीत एका वळणावर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"श्वेता, तिला सांगू नकोस."

मी त्यांच्याकडे वळले.

"सांगून काय होणार? तिची आई परत थोडीच येणार आहे? तिला उगाच त्रास. गाडी दुरुस्त झाली एवढंच सांगू."

"त्रास त्यांना होईल की तुम्हाला?"

माझं बोलणं तिखट असतं, मला माहीत आहे. पण त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कशेडीत ती आडवी पडली होती ना, तेव्हा मी तिला काय बोललो माहितीये? म्हटलं, आईला शेवटचं बघायचं असेल तर जरा कळ काढ, नाटकं नकोत. ती उठली. तशीच गाडीत येऊन बसली. तोंडावर पदर धरून." त्यांचा आवाज फाटला. "मी तिला उचलून परत त्याच धुरात बसवली गं. आणि वरून ओरडत होतो."

ते रडले. मोठा माणूस रडताना बघायची मला सवय नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांची कीवही आली होती. दोन्ही खरं होतं.

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही नाही सांगितलंत तर येत्या भाऊबीजेला आई परत माफी मागतील. दर वर्षी मागतात. तेव्हा तुम्ही त्याच खोलीत असता, बाबा."

त्यांनी डोळे पुसले आणि गाडी चालू केली. एका सेल्फमध्ये.

घरी निलेश बाहेर गेला होता. आई मशीनवर होत्या. बाबा त्यांच्यासमोर पाटावर बसले, जिथे ते कधी बसत नाहीत, आणि खिशातून तो वायसर काढून मशीनच्या फळीवर ठेवला. मी स्वयंपाकघरात जाणार होते, बाबा म्हणाले, "थांब." एकट्याने सांगायचं धाडस नसावं.

त्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, निकेल, नाक, रबराची पट्टी. आई मशीनचं चाक हाताने धरून ऐकत होत्या. शेवटी बाबा म्हणाले, "तुझं काही चुकत नव्हतं. तू सांगत होतीस ते खरं होतं."

आईंनी वायसर उचलून बघितला, करंगळीत घालून बघितला, बसला नाही, परत ठेवला. "एवढासा?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटायचं, माझ्या आईसाठी मला एक दिवस स्वतःला सावरता आलं नाही. रोज वाटायचं. सकाळी उठल्यावर पहिलं तेच."

"वनमाला, मला…"

"थांबा. माझं होऊ दे." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. "चिपळूणला स्टँडच्या समोर आपण थांबलो होतो. आठवतं? मी तोंड धुतलं. समोर कणकवलीची एसटी लागली होती. मी तुम्हाला म्हटलं, मला हिच्यात बसवून द्या, मी जाते पुढे, तुम्ही मागून या. म्हटलं होतं की नाही?"

बाबांनी मान खाली घातली. ही गोष्ट त्यांनी मला आरेत सांगितली नव्हती.

"तुम्ही म्हणालात, घरची गाडी असताना बायको एसटीने आली तर तुझ्या माहेरचे काय म्हणतील. ती एसटी आपल्या डोळ्यांसमोर सुटली. संध्याकाळी गावात मी त्या एसटीबद्दल विचारलं होतं, कोणाला न कळू देता. ती उजेड असताना पोचली होती."

आईंनी वायसर बोटाने बाजूला सारला.

"वायसर काय, तुम्हाला ठाऊक नव्हतं," आई म्हणाल्या. "ते मी सोडलं. पण एसटीचं तर मी सांगितलं होतं."

मग त्यांनी मोबाईल बाबांच्या पुढे सरकवला. "दादाला फोन लावा. तुम्ही सांगा. मी पुष्कळ वर्षं सांगितलं."

बाबांनी फोन लावला. स्पीकरवर सीताराममामांचा आवाज आला, कसे आहात, पाऊसपाणी कसं आहे, नेहमीचं. बाबा म्हणाले, "सीताराम, सासूबाईंच्या वेळी उशीर झाला तो वनमालामुळे नाही झाला. माझ्यामुळे झाला. माझ्या गाडीत धूर भरत होता, मला कळला नाही. आणि ती एसटीने येते म्हणाली होती, मी येऊ दिलं नाही."

पलीकडे मागे कुठेतरी भांडी वाजली. मग मामा म्हणाले, "मी तिका काय काय बोल्लंय, भावोजी."

फोन ठेवल्यावर बाबांनी पाटावरूनच विचारलं, "वनमाला, गाडी आता ठीक आहे. श्वेताला विचार. जायचं का गावी? उद्या निघू. तू म्हणशील तिथे थांबू."

आईंनी साडी मशीनखाली सरकवली, पण पाय चालवला नाही.

"जायचंय मला," त्या म्हणाल्या. "पण एसटीने. तुम्ही स्टँडवर या आणि मला तिच्यात बसवून द्या. तेव्हा दिलं नाहीत, आता द्या."

"उद्याचंच तिकीट काढतो," बाबा घाईने उठले.

"उद्याचंच पाहिजे असं नाही," आई म्हणाल्या. "कधीचंही काढा. आता तिथे माझ्यासाठी कोणाला थांबवून धरलेलं नाही."